धावणं, दुखापत आणि दहावी-बारावी: विद्यार्थी स्प्रिंटरच्या घरून येणारे प्रश्न

तालुका स्पर्धांची पत्रकं निघाली की पालकांचे, पीटीच्या सरांचे आणि खुद्द पोरांचे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. १००, २०० आणि ४०० मीटर धावणाऱ्या, शाळेत किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींपुरतंच हे पान आहे. लांब पल्ल्याचं गणित वेगळं. सवलतींचे आणि वयोगटांचे तपशील दरवर्षी बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू वर्षाचं पत्रक स्वतः वाचा. सरांनी वाचलं असेल, असं गृहीत धरू नका.

१. माझी मुलगी आठवीत आहे. आत्ता सुरुवात केली तर उशीर झाला का?

अजिबात नाही. स्प्रिंटसाठी आठवी-नववी हे चांगलं वय आहे. त्याआधी ती खो-खो, लंगडी, कबड्डी काहीही खेळत असेल तर ते वाया जात नाही. खो-खोत खांबाला वळसा घालून सुटणारी मुलगी पहिल्या वीस मीटरमध्ये भल्याभल्यांना मागे टाकते.

मला काळजी वाटते ती उलट्या टोकाच्या मुलांची: चौथी-पाचवीपासून फक्त १०० मीटर आणि तेही आठवड्याचे सहा दिवस. चौदा वर्षांखालील गटात पदकं आणणारी बरीच मुलं इतरांपेक्षा लवकर वाढीला लागलेली असतात. बाकीच्यांची उंची आणि ताकद दोन वर्षांनी बरोबरीला येते, तेव्हा आघाडी संपते आणि "याचं काय बिघडलं?" असं घरात सुरू होतं. काही बिघडलेलं नसतं.

२. शालेय स्पर्धा आणि संघटनेच्या स्पर्धा यांत फरक काय? दोन्ही धावायच्या का?

या दोन वेगळ्या साखळ्या आहेत. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात आणि नाव शाळाच देते. तालुका किंवा महापालिका क्षेत्र, मग जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय, अशी ही शिडी. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. क्रीडा खात्याचे विभाग आठ: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती, नागपूर.

दुसरी साखळी जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटनेपासून सुरू होऊन राज्य संघटना आणि भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघापर्यंत जाते. तिथले गट १४, १६, १८, २० आणि २३ वर्षांखालील.

दोन्हीकडे नाव नोंदवायला हरकत नाही. पण दोन्हीकडची प्रत्येक फेरी जिवाच्या आकांताने धावायची ठरवली तर पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत मूल फक्त धावत आणि एसटीत बसत राहतं. सराव म्हणून काही उरतच नाही. तालुक्याला पात्र होण्यापुरतं धावा. वर्षातल्या दोन किंवा तीन स्पर्धा आपल्या माना, बाकीच्या त्यांच्या तयारीतल्या. या दोन-तीन कोणत्या, हे जूनमध्येच परीक्षांच्या तारखांशेजारी लिहून काढा. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका कागदावर अवलंबून आहेत.

३. शाळेत १०० मीटर १२.१ सेकंदांत धावलेला मुलगा राज्यस्पर्धेत १२.६ धावला. तो हळू झाला का?

बहुतेक नाही. शाळेतली वेळ हातातल्या स्टॉपवॉचची असते, राज्यस्पर्धेतली इलेक्ट्रॉनिक. हाताने घड्याळ दाबणारे सर बंदुकीचा धूर किंवा आपटलेल्या फळ्या पाहतात आणि मग बोट हलवतात, म्हणजे सुरुवातीचा काही वेळ मोजलाच जात नाही. शेवटी मात्र धावपटू डोळ्यांसमोर येत असल्याने बोट अगदी वेळेवर पडतं. हातमोजणीची तुलना इलेक्ट्रॉनिक वेळेशी करताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमच्या मुलाचे १२.१ खरंतर १२.३४ होते.

उरलेले पाव सेकंद कुठे गेले? आधी हे बघा की शाळेच्या मैदानावरचं अंतर खरंच १०० मीटर होतं का. दोरीने मोजून फक्कीने आखलेल्या लेनमध्ये एक मीटर कमी पडला तरी वेळ ०.१२ सेकंदाने सुधारते. मग वारा. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगाचा वारा असेल तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. शाळेत वारा मोजतंच कोण? आणि सगळ्यात शेवटी रात्रभराचा प्रवास, धर्मशाळेतली झोप आणि सकाळी सातला दिलेला पण साडेअकराला झालेला हीट (प्राथमिक फेरी).

वहीत दोन रकाने ठेवा, हातमोजणीचा वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक वेगळा. दोन्ही एका रकान्यात भरले की दर सीझनला घरात रडारड ठरलेली.

४. वर्षभर वेळ एक दशांशानेही कमी झालेली नाही. सराव वाढवावा का?

आधी उंची आणि वजन बघा. वर्षात मुलगा आठ-नऊ सेंटिमीटर वाढला असेल तर पाय लांब झाले, पण ते हलवणारी ताकद अजून त्या मापाची झालेली नाही. पाऊल विस्कळीत पडतं, गुडघा उशिरा वर येतो, सुरुवात तर पारच बिघडते. अशा काळात तीच वेळ टिकवणं हीसुद्धा प्रगतीच आहे. मुलींमध्ये ही झपाट्याची वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास असते, मुलांमध्ये चौदाव्या. पुढे मुलग्यांना ताकद आपसूक मिळत जाते. मुलींना ती व्यायामाने कमवावी लागते, आणि नेमकं त्याच वयात "मुलीला वजनं कशाला?" म्हणून घरून नकार येतो. तिला स्क्वॉट, लंज, पायऱ्यांवरच्या उड्या करू द्या. त्याने उंची खुंटत नाही.

उंची थांबली आहे, झोप-जेवण ठीक आहे आणि तरीही वेळ अडकली आहे, तर सराव वाढवण्याआधी तो बदला. बहुतेक मैदानांवर मी पाहतो ते असं: रोज चार फेऱ्या, मग १०० मीटरचे दहा "फुल स्पीड", मध्ये दीड मिनिट विश्रांती. चौथ्यापासून पुढे एकही फुल स्पीड नसतो. पोरं दमून धावायला शिकतात. पूर्ण वेगाने धावायचं असेल तर ढोबळ मानाने दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती हवी. ६० मीटर धावलात तर पाच-सहा मिनिटं थांबा. सरांना हा टाइमपास वाटतो, पण वेग वाढवायचा रस्ता हाच.

मुलगी असेल आणि दम लवकर लागत असेल तर प्रश्न १० सुद्धा वाचा.

५. आठवड्यात किती दिवस सराव पुरे?

शाळकरी मुलांना चार, फार तर पाच. त्यात पूर्ण वेगाचे दिवस दोनच (कॉलेजात तीन) आणि दोन वेगवान दिवसांमध्ये ४८ तासांचं अंतर. बाकीचे दिवस ताकद, ड्रिल्स, हलकं धावणं. परीक्षेच्या वर्षाचं वेळापत्रक प्रश्न १२ मध्ये आहे.

६. स्पाइक (खिळ्यांचे बूट) कधी घ्यायचे? तालुक्याला पोरं अनवाणी धावतात, ते चालतं का?

अनवाणी धावायला नियमाची आडकाठी नाही. मातीच्या ट्रॅकवर तालुका-जिल्ह्यापर्यंत बरीच मुलं तशीच धावतात आणि जिंकतातही. जिल्ह्याच्या पुढे, जिथे सिंथेटिक ट्रॅक मिळेल (बालेवाडी, नागपूरचं मानकापूर, मुंबईतलं प्रियदर्शिनी पार्क), तिथे स्पाइक हवेतच. सिंथेटिकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. मातीवर त्याहून लांब चालतो. त्यामुळे मातीवरचे खिळे तसेच लावून बालेवाडीला गेलात तर कॉल रूममध्ये (शर्यतीआधी बूट-नंबर तपासतात तिथे) पकडले जाल. खिळे काढायची किल्ली पिशवीत असू द्या.

नवे कोरे स्पाइक स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पोटऱ्या आणि टाचेवरची नस दोन दिवस बोलतील. आधी तीन-चार आठवडे, फक्त वेगवान दिवशी, थोड्या अंतरासाठी.

७. फॉल्स स्टार्टला (बंदुकीआधीच सुटलं तर) एक संधी मिळते ना?

नाही. २०१० पासून जागतिक नियमाने पहिल्याच चुकीला बाहेर. सेन्सर असलेल्या ब्लॉकवर (सुरुवातीला पाय रोवतात ते साधन) बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत हललात तरी तो फॉल्स स्टार्ट. तालुक्याला एखादे पंच ताकीद देऊन सोडतात आणि मुलांना तीच सवय लागते. राज्याला गेल्यावर ती महागात पडते.

८. धावता धावता मांडीमागे खेचलं. किती दिवसांत पुन्हा धावता येईल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

ही हॅमस्ट्रिंगची दुखापत. ती बहुतेकदा पूर्ण वेग गाठल्यानंतर होते, ५०-६० मीटरच्या पुढे: पाय पुढे फेकलेला असतो, अजून जमिनीला टेकलेला नसतो, आणि मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच त्या पायाला लगाम घालत असतो. मुलगा एकदम उभा होतो, हात मांडीमागे जातो. तिथेच थांबायचं. लंगडत फिनिशपर्यंत जाण्यात शौर्य नाही.

पहिले दोन-तीन दिवस: फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा, इलॅस्टिक बँडेज, दुखणार नाही इतपत चालणं. ताणून बघायचं नाही. गरम शेक नाही, मालिश नाही. तेल लावून चोळून देणारे काका प्रत्येक मैदानावर असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण आत रक्तस्राव झालेल्या स्नायूला चोळणं म्हणजे तो वाढवणं. काळंनिळं पडलं, चालताच येत नसेल किंवा "पट्" असा आवाज आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर (प्रश्न ९).

हलक्या दुखापतीला एक ते तीन आठवडे, मधल्या प्रकाराला साधारण चार ते आठ, आणि स्नायू किंवा त्याचा कंडरा पूर्ण तुटला तर काही महिने, कधी शस्त्रक्रियाही. पण खरं उत्तर दिवसांत देता येत नाही. रोजच्या चालण्यातलं दुखणं पहिल्या आठवड्यात जातं, पोरगं म्हणतं "सर, एकदम ओके", आणि दहाव्या दिवशी त्याच जागी पुन्हा जातं. हॅमस्ट्रिंगला सर्वात मोठा धोका आधीच्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचाच असतो, आणि परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात नाजूक.

म्हणून दिवस मोजण्याऐवजी हे तपासा. दुखऱ्या जागी दाबून दुखत नाही. पाठीवर झोपून सरळ पाय वर उचलला तर दोन्ही पाय सारखे वर जातात आणि मनात धाकधूक होत नाही. पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलून पूल काढता येतो, दोन्ही बाजूंना सारखाच. मग धावणं: आधी निम्म्या वेगाने, पुढच्या खेपेला साठ टक्के, मग सत्तर, ऐंशी, नव्वद. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी खाली. पूर्ण वेगाचे तीन-चार सराव निर्धोक झाल्याशिवाय स्पर्धा नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून एक व्यायाम सांगतो, त्याला यंत्र लागत नाही. गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्राने टाचा घट्ट धरायच्या, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकत जायचं; सुटलं की हातांवर. याला नॉर्डिक म्हणतात. फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्या. आठवड्यातून दोनदा, पाच-पाचचे दोन सेट पुरे. पहिल्या आठवड्यात बसता-उठता येणार नाही इतकं दुखेल, म्हणून स्पर्धेच्या पंधरवड्यात सुरू करू नका.

९. पंधरा वर्षांचा मुलगा. सुरुवातीलाच आवाज आला, डॉक्टर म्हणतात हाडाचा तुकडा निघाला. हॅमस्ट्रिंगच आहे ना?

जागा जवळपास तीच, दुखापत वेगळी. वाढत्या वयात कंडरा हाडापेक्षा मजबूत असतो, कारण तो जिथे चिकटतो तिथलं हाड अजून पूर्ण पक्कं झालेलं नसतं. जोरदार झटक्याने स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तो टवकाच ओढला जातो. बसायच्या हाडापाशी किंवा कमरेच्या पुढच्या हाडापाशी हे होतं. म्हणूनच तेरा ते अठरा वयात आवाज येऊन खेचलं तर "नस आखडली" म्हणून घरी ठेवू नका, एक्स-रे काढा. बहुतेकदा विश्रांतीने जुळून येतं. तुकडा फार सरकला असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेचा विचार करतात. परतायला काही महिने धरा. प्रश्न ८ मधल्या पायऱ्या इथेही लागू, पण डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितल्यावरच.

याच कुळातली सौम्य दुखणी म्हणजे गुडघ्याखालचा दुखरा उंचवटा आणि लहान मुलांची टाचदुखी. वाढ थांबली की ती जातात. तोवर उड्या आणि स्पाइक कमी करायचे.

नडगीचं वेगळं. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर दुखत असेल आणि अंग तापलं की कमी होत असेल तर सहसा कठीण जमिनीवरचा जास्तीचा सराव हे कारण. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तेव्हा धावणं बंद आणि तपासणी. साध्या एक्स-रेमध्ये तो सुरुवातीला दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

१०. मुलीला पाळीच्या दिवसांत धावू द्यावं का? सरांना हे कसं विचारायचं कळत नाही.

तिला ठीक वाटत असेल तर खुशाल. पाळीत धावल्याने काही अपाय होत नाही. पोटात कळा येत असतील तर त्या दिवशी वेगाऐवजी हलकं काम.

काळजी करायची ती पाळी न येण्याची. तीन महिने पाळी आली नाही आणि मुलगी "बरं झालं, कटकट नाही" म्हणत असेल तर ती खर्च करते त्या मानाने खात नाही, हे पहिलं चिन्ह असू शकतं. त्याच मुलींना हाडांचे बारीक तडे जास्त जातात. डॉक्टरांकडे न्या आणि जेवण वाढवा. वजन कमी केलं की वेग वाढतो, हे तिच्या डोक्यात कोणी घातलं आहे तेही शोधा.

दुसरं, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या रिले संघातल्या चार जणींपैकी दोघींना असणं सहज शक्य आहे. सीझनच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. "आळशी झाली आहे" असं जिला ऐकवलं जातं, तिचं आठ निघालेलं मी पाहिलं आहे.

सरांशी बोलायला अवघडत असेल तर आईने एकदाच सांगून ठेवावं: ती "आज हलकं" म्हणाली की कारण विचारू नका.

११. उद्या फायनल आहे आणि पाय दुखतो. इंजेक्शन घेऊन धावावं का?

नको. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं बंदी यादीत नाहीत, पण त्यांनी दुखणं दबतं, फाटलेला स्नायू फाटलेलाच राहतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन असेल तर प्रकरण आणखी गंभीर: २०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडची सगळी इंजेक्शनं स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत, सांध्यात दिलेलीसुद्धा. सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणापलीकडे सापडलं तरी तेच.

"आम्हाला माहीत नव्हतं" किंवा "डॉक्टरांनी दिलं" याने सुटका होत नाही. शरीरात जे सापडलं त्याला खेळाडूच जबाबदार. खेलो इंडियासारख्या स्पर्धांत राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे नाडा, अल्पवयीन खेळाडूंचेही नमुने घेते. बंदी यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते. दम्यासारखा आजार असेल तर औषध बंद करू नका. कोणत्या औषधाला आधी परवानगी काढावी लागते ते डॉक्टरांना विचारा आणि कागद फाइलला लावा. जिममधल्या बिनलेबलच्या पावडरीबद्दल एकच सल्ला: घेऊ नका.

१२. दहावीच्या वर्षी धावणं पूर्ण बंद करावं का?

माझं मत स्पष्ट आहे: करू नये. कमी करावं.

वर्षभर बंद ठेवलेला स्प्रिंटर एप्रिलमध्ये मैदानावर येतो तेव्हा डोक्यात गेल्या वर्षीचा वेग असतो आणि मांडीत नसतो. प्रश्न ८ मधली बरीच पत्रं मे महिन्यात येतात ती याचमुळे. शिवाय बंद केलेले दोन तास अभ्यासात जातात हा पालकांचा गोड समज आहे. ते मोबाइलमध्ये जातात.

जून ते नोव्हेंबर नेहमीचा सराव, पण ठरलेल्या स्पर्धांपुरताच प्रवास. डिसेंबरपासून आठवड्याला तीन दिवस, तासभर: दोन दिवस थोडा वेग, एक दिवस ताकद. लेखी परीक्षेच्या काळात आठवड्यातून दोनदा पाच-सहा छोटे स्प्रिंट आणि नॉर्डिक, संपलं. पहाटेच्या सरावासाठी झोप मोडायची नाही. रात्री बारापर्यंत अभ्यास आणि पाचला मैदान हे दोन्हीकडचं नुकसान.

आसामच्या हिमा दासचं २०१९ आठवा. २०१८ मध्ये फिनलंडच्या तांपेरेला ४०० मीटरमध्ये ती २० वर्षांखालील जागतिक विजेती झाली, ५१.४६ सेकंदांत. पुढच्या एप्रिलमध्ये दोह्याच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पाठीच्या दुखण्याने तिला ४०० मीटरचा हीट अर्ध्यात सोडावा लागला. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, ती पहिल्या श्रेणीत पास. जुलैमध्ये पोलंड आणि चेक प्रजासत्ताकातल्या स्पर्धांत पाच सुवर्णपदकं. त्या स्पर्धा लहान होत्या आणि पाठीने तिला पुढेही छळलं, हेही खरं. पण दुखापत, बोर्ड आणि ट्रॅक एकाच वर्षात बसले. तिच्याइतकी सोय तुमच्याकडे नसेल. तुमच्या मुलावर तिच्याइतका भारही नाही.

१३. दुखापतीमुळे तीन महिने बाहेर. मुलगा अभ्यासही करत नाही, नुसता बसून राहतो.

त्याचा दिवसच मोडला आहे. सरावाची वेळ रिकामी ठेवू नका. त्याच वेळी मैदानावर पाठवा: वरच्या अंगाचा व्यायाम, दुसऱ्या पायाची ताकद, सरांना घड्याळ धरून मदत. घरी बसलेला खेळाडू संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतरांच्या वेळा बघत झुरतो. अभ्यासाचा जो विषय सीझनमध्ये मागे पडला तो याच काळात घ्या, पण "आता तरी अभ्यास कर" हे वाक्य टाळा. त्याला ते "नाहीतरी तुझं धावणं संपलंच" असं ऐकू येतं. दोन-तीन आठवडे झोप, जेवण, बोलणं सगळंच कमी झालं असेल तर समुपदेशकाकडे न्यायला संकोच नको.

१४. राष्ट्रीय स्पर्धा आणि बोर्डाचा पेपर एकाच दिवशी आला तर?

सीबीएसईत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त स्पर्धेमुळे बुडालेला पेपर नंतर देण्याची सोय आहे. शाळेने आधी अर्ज करावा लागतो. येऊन सांगितलं तर चालत नाही. राज्य मंडळात लेखी पेपर बुडाला तर व्यवहारात पुरवणी परीक्षा हाच मार्ग. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेच्या तारखांबाबत मात्र शाळेला थोडी हालचाल करता येते, म्हणून निवड झाल्याचं पत्र हातात येताच मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या.

१५. दहावी-बारावीला खेळाचे २५ गुण सगळ्यांना मिळतात का?

सगळ्यांना नाही. २५ ही कमाल मर्यादा आहे. कोणत्या स्तरावर खेळलात आणि तिथे काय कामगिरी केली, त्यावर गुण ठरतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि तिथून मंडळाकडे जातो. पात्रता नसल्याने गुण जातात त्यापेक्षा प्रमाणपत्र वेळेत न दिल्याने जास्त जातात. मूळ प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा, लॅमिनेट करू नका, आणि नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी जुळतं का ते त्याच दिवशी मैदानावर तपासा. "पाटील" एकीकडे डबल ई आणि दुसरीकडे आय असेल तर दुरुस्तीला जिल्ह्याच्या चकरा ठरलेल्या.

हीच फाइल पुढे शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाला लागते. तिथले निकष बरेच कडक आहेत. नुसता सहभाग पुरत नाही.

१६. सायन्स घेतलं तर धावणं सुटेल का? खेळावर आयआयटी मिळते म्हणतात.

सायन्सने सुटत नाही, क्लासच्या वेळेने सुटतं. "इंटिग्रेटेड" कॉलेज घेताना संध्याकाळी किती वाजता सोडतात ते आधी विचारा. साडेसातला सोडत असतील तर बाकीची चर्चा व्यर्थ.

आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक बीटेक अभ्यासक्रमात दोन वाढीव जागा ठेवल्या आहेत. पण जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पात्र व्हावंच लागतं आणि वर राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पदक हवं. अशी मुलं मोजकीच.

१७. १०० मीटरमध्ये फायनलला येतो पण पदक मिळत नाही. ४०० कडे वळावं का?

२०० मीटरची वेळ बघून ठरवा. २०० ची वेळ १०० च्या दुपटीच्या अगदी जवळ असेल, म्हणजे १२.० आणि २४.२ वगैरे, तर वेग टिकवायची देणगी आहे. ४०० करून बघायला हवं. २५.५ असेल तर आधी २०० वर काम. सोळाच्या आत ४०० चा खास सराव नको. आपल्या मुंबईची ऐश्वर्या मिश्रा ४०० मीटर धावते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ४×४०० रिलेच्या रौप्यविजेत्या संघात ती होती. रिलेत सहा जणींना तरी शिबिरात बोलावतात, त्यामुळे ४०० वाल्यांना दार थोडं रुंद असतं, हा व्यावहारिक मुद्दाही आहे.

१८. पोलीस भरतीची तयारी आणि स्प्रिंट एकत्र होईल का?

थोडाच काळ. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक, एकूण ५० गुण. स्प्रिंटर १०० मध्ये गुण घेतो आणि १६०० मध्ये घालवतो. भरतीच्या आधी तीन-चार महिने लांब धावणं वाढवावंच लागेल आणि त्या काळात १०० ची वेळ थोडी मागे जाईल. ते गृहीत धरा. त्याच सीझनला राज्यस्पर्धा "आपली" मानू नका.

१९. सर म्हणतात जन्मतारीख एक वर्ष पुढची लावू, सगळेच लावतात.

लावू देऊ नका. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात आणि महासंघाच्या स्पर्धांत त्यावरून मुलं थेट बाद होतात. दाखल्यावरची खोटी तारीख पुढे आधार, पासपोर्ट, नोकरी सगळीकडे आडवी येते.

यातला एक खरा अपवाद आहे. काही मुलांचं हाड खऱ्या वयापेक्षा पुढे असतं आणि कागद खरे असूनही ती चाचणीत अडकतात. तेव्हा जन्मनोंदणीचा मूळ दाखला आणि रुग्णालयाचे कागद घेऊन संघटनेकडे लेखी अपील करा, आणि तोवर मुलाला वरच्या गटात धावू द्या.

२०. शिष्यवृत्ती कुठे मिळते?

खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज महिना १०,००० रुपये हातखर्च मिळतो. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण एकत्र, प्रवेश चाचणीने. प्रबोधिनीत पाठवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या आणि तिथल्या मुलांना, सर जवळ उभे असताना नव्हे, विचारा की दुखापत झाल्यावर काय करतात.

२१. अकरावीतल्या मुलीला आता धावायचंच नाही. समजूत काढू का?

हरलेल्या शर्यतीच्या आठवड्यात काहीच ठरवू नका. सीझन संपू द्या. मधल्या काळात रक्त तपासा (प्रश्न १०), जुनं दुखणं लपवत नाही ना ते बघा, आणि मैदानावर कोणी त्रास देत नाही ना, हे तिला एकटीला, शांतपणे विचारा. यातलं काही निघालं तर प्रश्न धावण्याचा नव्हताच.

काहीच निघालं नाही आणि दोन महिन्यांनी तिचं उत्तर तेच असेल, तर थांबू द्या. कॉलेजात गेल्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पुन्हा उतरणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात. शाळेला किंवा कॉलेजला मात्र लगेच लेखी कळवा. रिलेत तिच्या जागी दुसरं नाव मुदतीच्या आत भरावं लागतं.